सात वाजून वीस मिनिटं

पहिला फोन आला तेव्हा मी फॉल लावत होते,
बदामी साडी, पाचपावलीच्या मास्तरीणबाईंची.
सुई अर्ध्यात राहिली.
"पैसे घेताना गोड लागले ना?"
आवाज पोरगेला, माझ्या भाच्याच्या वयाचा.
शिव्या मात्र जुन्या.

तेरा हप्ते भरले, दोन राहिले.
कळमन्यात मिरचीची पोती उतरवताना
ट्रकच्या फाळक्यात यांचा हात सापडला,
ते दोन महिने.
हे सांगायला गेले की फोन हसायचा.

मग सकाळी सहाला. रात्री पावणेअकराला.
उमरेडला, माझ्या नणंदेच्या सासऱ्यांना.
पोरीच्या शिकवणीच्या सरांना.
मशीन घेताना कंपनीनं जामीन मागितला नव्हता,
आता माझ्या लाजेला
सगळा गणगोत जामीन ठेवला.

मी शटर अर्धं ओढून शिवू लागले.
कूलर बंद. आवाज बाहेर जायला नको,
घर रिकामं वाटलं पाहिजे.
तांडापेठेतला मे, पारा सेहेचाळीस,
कापडावर घाम पडू नये म्हणून
मानेला ओलं फडकं.
आपल्याच घरात मी नसल्यासारखी.

कुंदा रामटेके कोर्टात टायपिंग करते,
ब्लाउज नेहमी एक इंच सैल मागते.
शटरखालून वाकून आत आली, म्हणाली,
"काहून भेते वं? कर्ज हाय, चोरी नाई."
आणि माझाच खडू घेऊन
कटिंगच्या खाकी कागदावर लिहीत सुटली:
सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही.
शेजारी, सोयरे, सर, कोणालाच नाही.
दारात आला तर ओळखपत्र, कंपनीचं पत्र.
शिवी दिली तर तारीख, वेळ, नंबर.
आधी कंपनीला लेखी, पोच घेऊन.
महिनाभर दाद नाही दिली तर लोकपाल.

"कोणाचा हा नियम?"
"रिझर्व बँकेचा. ते संविधान चौकातली, दिसली नाई का कधी?"

दिसली होती. वीस वर्षं त्याच चौकातून बर्डीला जाते,
अस्तर, हुक, रिळं आणायला.
कंडक्टर अजून 'आरबीआय, आरबीआय' ओरडतो.
मी समजत होते, नुसता थांबा आहे.

मापांच्या वहीत,
छाती चौतीस, बाही दहा, पुढचा गळा सहा,
त्याच्या समोरच्या पानावर लिहिलं:
मंगळवार, सहा वाजून पाच. शिवी एक.
बुधवार, दहा सत्तेचाळीस. शिव्या तीन, आईवरून.
माप घ्यायची हाताला सवयच.
लिहिता लिहिता कळलं,
भीती अंगाला वाटली त्याहून आखूड आहे.

शुक्रवारी तो स्वतः आला.
शटरवर थाप. मी पूर्ण वर केलं.
"नाव काय बाप्पा तुझं?"
"सर म्हणा."
"कार्ड दाखव. पत्र दाखव."
त्यानं खिसे चाचपले, मग गल्लीकडे पाहिलं.
समोरच्या ओट्यावर तीन बाया निवडणं थांबवून बसल्या होत्या.
मी घड्याळाकडे बोट केलं.
"सात वीस. लिहून ठेवते.
हप्ता माझा आहे, मी भरीन,
कंपनीला मुदत मागितली आहे, ही पोच.
उद्या ये. आठनंतर. कार्ड घेऊन."

तो काहीतरी पुटपुटला, पण हळू.
घशाला कोरड होती त्याच्या, दिसत होतं.
माठातलं पाणी दिलं. उभ्यानं प्यायला.
शर्टाचं दुसरं बटण नव्हतं,
सेफ्टी पिन लावलेली.
लावून द्यावं, असं मनात आलं.
दिलं नाही.

दोन हप्ते अजून आहेत,
व्याज बसलंच आहे त्याच्यावर.
यांच्या हाताची मूठ अजून पुरती मिटत नाही.

रात्री कूलर लावला.
खडखड करतो, एक पाय तुटका आहे,
अर्ध्या गल्लीला ऐकू जातो.
जाऊ दे.